मुंबईला जाताना : फास्ट, स्लो आणि माझी आई

डिसेंबर जवळ आला की आमच्या वस्तीत संध्याकाळी एकच चौकशी सुरू होते. “साहेब, औंदा गाडीत जागा मिळंल का?” “दादरला उतरल्यावर कुणीकडं वळायचं?” मी काही साहेब नाही, साधा कारकून आहे. पण दोन-चार वेळा लोकांना घेऊन मुंबईला गेलो, कोणाला चैत्यभूमीवर, कोणाला परळच्या दवाखान्यात, तेव्हापासून मुंबईचा रस्ता विचारायचा तो मला, असे ठरूनच गेले आहे. मीही सांगतो. कारण मुंबईचा रस्ता माहीत नसला की काय होते, ते मी वयाच्या बाराव्या वर्षी पाहिले आहे.

ते साल १९९१. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा काळ. अण्णांनी ठरवले, यंदा सहा डिसेंबरला सगळ्यांनी जायचे. तेव्हा उस्मानाबाद शहरात रेल्वे नव्हती. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाईटची छोटी गाडी जिल्ह्यातून जायची, पण ती येडशीवरून. आम्ही एस.टी.ने बार्शी, तिथून कुर्डुवाडी आणि तिथून रात्रीच्या गाडीने मुंबई असे गेलो. पाच तारखेला घाटकोपरला मावशीकडे मुक्काम केला.

रात्री जेवताना काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, सगळे नीट समजावले. आई बायकांच्या डब्यात बसणार, आम्ही पुरुषांच्या. आईला अक्षरओळख नव्हती. म्हणून काकांनी तिला बोटे मोजून शिकवले. विद्याविहार एक, कुर्ला दोन, शीव तीन, माटुंगा चार, दादर पाच. “पाचव्या स्टेशनाला उतरायचं, ताई.” आईने अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पाच वेळा मोजून पाठ केले.

सकाळी घाटकोपर स्टेशनवर ही गर्दी! पांढरे कपडे, निळे झेंडे, लेकरे, गाठोडी. धिमी गाडी भरून आली, पाय ठेवायला जागा नाही. काका म्हणाले, “चला पलीकडच्या फलाटावर, फास्ट येतेय, लवकर पोचू.” आम्ही पूल चढून धावत पलीकडे गेलो. मावशीने आईला बायकांच्या डब्यात चढवले आणि लहान मुलाला घेऊन ती स्वतः आमच्याकडे आली. गाडी सुटली.

फास्ट गाडी विद्याविहारला थांबत नाही, शीव-माटुंग्यालाही थांबत नाही. घाटकोपरनंतर कुर्ला, कुर्ल्यानंतर थेट दादर. म्हणजे दादर पाचवे नव्हे, दुसरे. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती. आईला तेवढी सांगायची राहून गेली.

दादरला आम्ही उतरलो. डब्याडब्यातून माणसे उतरत होती. गाडी निघून गेली. फलाट जरा मोकळा झाला, तरी आई दिसेना. अण्णांनी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन चकरा मारल्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मी रडायला लागलो तेव्हा त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटे दुखू लागली.

आईची हकीकत नंतर कळली. दादरला डब्यातल्या पांढऱ्या साडीवाल्या बायका उतरू लागल्या तेव्हा एकीने तिला विचारलेही, “मावशी, उतरायचं न्हाई का?” आई म्हणाली, “माजं पाचवं हाय.” आणि ती बोटे धरून बसून राहिली. भायखळा तीन. मग गाडी थांबली ती व्ही.टी.ला, चार. सगळा डबा रिकामा झाला, तरी आई पाचव्याची वाट पाहत बसलेली!

डबा झाडायला आलेल्या एका बाईने तिला उतरवले. “कुठून आलीस? कुठं जायचंय?” आई म्हणाली, “उस्मानाबादवरनं आलेय. बाबासाहेबांकडं जायचंय.” ती बाई हसली आणि म्हणाली, “जयभीम बाई, चल.” तिने आईला धिम्या गाडीच्या फलाटावर नेले. तिकीट आईकडे नव्हते, ते अण्णांच्या खिशात होते. त्या बाईने विदर्भाकडून आलेल्या बायकांच्या एका घोळक्यात आईला बसवले आणि सांगितले, “मोजत बसू नको. जिथं सगळ्या पांढऱ्या साड्या उतरतील तिथं उतर.”

त्या बाईचे नाव आईने विचारले नाही. याची हळहळ तिला आजही वाटते.

दुपारी चारच्या सुमारास शिवाजी पार्कवर माइकवरून आईचे नाव, गावाचे नाव, तालुक्याचे नाव ऐकू आले. समता सैनिक दलाच्या एका जवानाजवळ ती बसलेली होती. अण्णा आता रागावणार असे मला वाटले. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “चूक माझी. मी सांगायला पाहिजे होतं.” आई म्हणाली, “मला वाचता आलं असतं, तर कुणी सांगायची गरजच न्हवती.”

गावी परतल्यावर तिने माझी पाटी ओढून घेतली. इतर बायका ‘अ’पासून सुरू करतात, तिने ‘द’पासून सुरू केले. पहिले काही दिवस ती काना द्यायची विसरायची आणि ‘ददर’ लिहायची. मग जमले. आमच्या घरात आईने वाचलेला पहिला शब्द ‘दादर’ आहे.

ही घरची गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की, दरवर्षी आपल्या जिल्ह्यातून हजारो माणसे मुंबईला जातात. कोणी अभिवादनाला, कोणी दवाखान्यात, कोणी मंत्रालयात अर्ज घेऊन, कोणी मुलाच्या मुलाखतीला. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी असा दिवस येऊ नये. म्हणून थोडी माहिती, अनुभवाने तपासलेली.

गावाहून मुंबईपर्यंत

आता रेल्वे धाराशिव शहरातूनच जाते. रुंद मार्ग झाला तेव्हा तो शहराजवळून नेला गेला. लातूरकडून येणारी गाडी रात्री घेतली की सकाळी आपण दादरला असतो. सहा डिसेंबरच्या आसपास आरक्षण लवकर भरते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर भरवसा ठेवू नये.

एस.टी.ने जाणाऱ्यांनी सवलती विसरू नयेत. २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. वयाच्या सवलतीसाठी ओळखपत्र जवळ ठेवावे. मात्र ही सवलत एस.टी.ची आहे, रेल्वेची नाही. ज्येष्ठांना रेल्वेत मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. पुष्कळ म्हातारी माणसे अजून ती मागत खिडकीवर वाद घालतात.

खाजगी गाडीने जाणार असाल, तर कुठे उतरवणार हे तिकीट काढतानाच विचारा. एकदा आम्हाला पहाटे चार वाजता हमरस्त्याच्या कडेला, पुलाखाली उतरवून गाडी निघून गेली होती. बरोबर आजारी माणूस होता. “मुंबई आली, उतरा” या एका वाक्यावर गाडी सोडू नये. मुंबई फार मोठी आहे.

तीन रस्ते, एक दादर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला सुरू झाली. आज लोकलचे मुख्य रस्ते तीन आहेत, असे नव्या माणसाने समजावे.

पहिला मध्य रेल्वेचा. आपण ज्याला व्ही.टी. म्हणायचो, ते १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, आता सी.एस.एम.टी. म्हणतात. तिथून दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, कल्याण आणि पुढे कसारा व खोपोलीकडे. आपली गाडी याच रस्त्याने येते.

दुसरा पश्चिम रेल्वेचा. चर्चगेटहून मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, विरार.

तिसरा हार्बरचा. सी.एस.एम.टी.हून वडाळा, कुर्ला, चेंबूर, वाशी, पनवेल. याची एक फांदी वडाळ्याहून अंधेरी-गोरेगावकडे जाते. इथे फसगत होते ती अशी : हार्बरची गाडी दादरला जात नाही. पनवेलहून किंवा चेंबूरहून येणाऱ्याने कुर्ल्याला उतरावे आणि मध्य रेल्वेच्या फलाटावर जाऊन दादरची गाडी धरावी. ‘सी.एस.एम.टी.’ अशी पाटी पाहून हार्बरमध्येच बसून राहिलात, तर दादर बाजूलाच राहील.

मध्य आणि पश्चिम हे दोन्ही रस्ते दादरला शेजारी-शेजारी येतात. पूर्वी दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, एक मध्यचे आणि एक पश्चिमचे. “एक नंबरवर थांब” असे सांगितलेली माणसे दोन वेगवेगळ्या ठिकाणी तासन् तास एकमेकांची वाट पाहत. डिसेंबर २०२३ पासून हा घोळ मिटला. आता पश्चिमेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग आकडे आहेत. जुन्या माहितीवर कोणी तुम्हाला “मध्य रेल्वेच्या एक नंबरवर ये” असे सांगितले, तर त्याला परत विचारा.

पूर्व आणि पश्चिम

गावात आपण वरची आळी, खालची आळी म्हणतो. मुंबईत प्रत्येक स्टेशनला पूर्व आणि पश्चिम असते. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात की पुन्हा जिना, पुन्हा पूल.

दादरपुरते एवढे ध्यानात ठेवा. चैत्यभूमी पश्चिमेला. धाराशिवची गाडी मध्य रेल्वेच्या फलाटावर लागते, म्हणजे पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचे. तिथून रानडे रोडने शिवाजी पार्क आणि पुढे समुद्रकाठी चैत्यभूमी, चालत दीड-दोन किलोमीटर. सहा डिसेंबरला स्टेशन ते शिवाजी पार्क अशा जादा बसही असतात. पण त्या दिवशी रस्ता विचारावा लागत नाही, माणसेच रस्ता दाखवतात.

बाबासाहेबांचे निवासस्थान राजगृह मात्र पूर्वेला, हिंदू कॉलनीत. एकाच दिवशी दोन्ही ठिकाणी जायचे तर आधी एक बाजू पूर्ण करावी, मगच दुसरीकडे जावे. परळला उतरलात तर बाबासाहेब जिथे कितीतरी वर्षे राहिले ती बी.आय.टी. चाळ पाहता येते. सी.एस.एम.टी.ला उतरून फोर्टात गेलात, तर त्यांनी १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय आहे. मुलांना ते जरूर दाखवावे.

फास्ट आणि स्लो

आता माझ्या आईचे प्रकरण. फलाटावर लटकणाऱ्या पाटीवर गाडीचे शेवटचे स्टेशन, वेळ आणि एक इंग्रजी अक्षर असते. एस म्हणजे स्लो, एफ म्हणजे फास्ट. मराठीत धिमी आणि जलद. घोषणाही मराठीतून होते, ती कान देऊन ऐकावी.

धिमी गाडी सगळीकडे थांबते, जलद ठरावीक स्टेशनांवर. परळला, चिंचपोकळीला, माटुंग्याला जायचे तर धिमीच लागते. नवख्या माणसाला माझा सल्ला असा की, दहा-पंधरा मिनिटे जास्त लागली तरी चालतील, धिमीनेच जा. आणि स्टेशने मोजू नका, पाट्या वाचा. फलाटावर प्रत्येक खांबागणिक नाव मराठीत लिहिलेले असते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना कोणाच्या तरी सोबतीला द्या. बायकांच्या डब्यातली कोणतीही बाई विचारले की सांगते, हा माझ्या आईचा अनुभव.

उतरायचे स्टेशन येण्याआधी दोन स्टेशने दाराकडे सरकायला लागावे. पुढच्याला विचारावे, “दादर उतरणार का?” तो ‘नाही’ म्हणाला की तोच तुम्हाला पुढे जाऊ देतो. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. गाडी हलली की उतरू नका आणि चढूही नका. स्टेशन चुकले तर पुढच्या स्टेशनला उतरून परत येता येते. घाईत उडी मारलेला माणूस परत येत नाही. दारात लटकू नये. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांतून पडून माणसे गेली, ती रोजची सवय असलेली माणसे होती.

सकाळी आठ ते अकरा गर्दी सी.एस.एम.टी. आणि चर्चगेटकडे असते, संध्याकाळी साडेपाचनंतर उलटी. सामान आणि म्हातारी माणसे असतील तर दुपारची वेळ धरा. रविवारी रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक असतो, काही गाड्या कित्येक तास बंद राहतात. दवाखान्यातल्या माणसाला भेटायला रविवारी निघाल तर आधी चौकशी करा.

तिकीट आपापल्या खिशात

लोकलचे साधे तिकीट ५ रुपयांपासून आहे. तिकीट नसेल तर कमीत कमी २५० रुपये दंड आणि वर भाडे. एक दिवसाची मजुरी त्यात जाते. म्हणून तिकीट काढल्याशिवाय फलाटावर पाऊल टाकू नये. ज्याचे तिकीट त्याच्या खिशात असावे. आमच्या अण्णांनी सगळी तिकिटे एकत्र ठेवली, तसे करू नका.

पहिल्या वर्गाच्या डब्यावर तिरपे पट्टे असतात. रिकामा दिसला म्हणून चढलात तर दुसऱ्या वर्गाचे तिकीट चालत नाही. २०१७ पासून आलेल्या वातानुकूलित लोकललाही वेगळे तिकीट लागते.

कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डबा असतो, त्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांनाही बसता येते. रुग्णाने दवाखान्याचे कागद हाताशी ठेवावेत. बाहेरगावच्या गाडीत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. गेल्या साली आमच्या वस्तीतल्या एका काकांच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन त्यांनी पूर्ण पैसे भरून केल्या, कारण कोणी सांगितलेच नव्हते. टाटा रुग्णालयाला जायचे तर दादरहून सी.एस.एम.टी.कडची धिमी गाडी धरा, पुढचेच स्टेशन परळ, पूर्वेला उतरा.

बस, टॅक्सी, मेट्रो

बेस्टची बस १५ जुलै १९२६ पासून मुंबईत आहे. पुढच्या बाजूला नंबर मराठी आकड्यांत असतो, ही आपल्यासाठी सोय. मे २०२५ पासून कमीत कमी भाडे साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये झाले. कंडक्टरला “अमुक ठिकाण आलं की सांगा” म्हणून ठेवावे. शक्यतो सुटे पैसे द्यावेत.

रिक्षा दादर-परळ भागात मिळत नाहीत. त्या वांद्र्याच्या आणि शीवच्या अलीकडे येत नाहीत. इकडे काळी-पिवळी टॅक्सी. मीटर टाकायला लावा. फेब्रुवारी २०२५ पासून कमीत कमी भाडे टॅक्सीला ३१ आणि रिक्षाला २६ रुपये आहे. सकाळी स्टेशनबाहेर “पाचशे द्या, सोडतो” म्हणणाऱ्यापासून चार पावले लांब गेलेले बरे.

ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. दादरलाही तिचे स्थानक आहे. गर्दी कमी, पण तिकीट वेगळे आणि लोकलपेक्षा महाग.

विचारायला लाजू नका

बाबासाहेबांनी लहानपणीची एक आठवण लिहून ठेवली आहे. सातारहून भावंडांसोबत ते वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनला उतरले, तर घ्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि तो मागे सरला. एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकून ती लेकरे निघाली. ही गोष्ट १९०१ च्या सुमाराची.

लोकलच्या डब्यात तिसऱ्या सीटवर चौथा बसताना कोणी कोणाला जात विचारत नाही. तिथे फक्त “सरका जरा” एवढेच विचारतात. हा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही. मग चांगले कपडे घातलेल्या माणसाला रस्ता विचारायला आपण का कचरतो? आपली माणसे चुकीच्या गाडीत बसून राहतात, पण विचारत नाहीत. “अडाणी समजतील” ही भीती. समजू देत. रेल्वेचा पोलीस, तिकीट तपासनीस, शेजारचा प्रवासी, कोणालाही विचारा. काही अडचण आली तर रेल्वेचा १३९ हा नंबर आहे. हरवलेल्या मुलासाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२.

आणि निघण्याआधी घरी एक काम करा. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा : स्वतःचे नाव, गाव, बरोबरच्या माणसाचा मोबाईल नंबर, मुंबईत जिथे उतरणार तिथला पत्ता. मोबाईलची बॅटरी संपते, चिठ्ठी संपत नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, हेही आधी ठरवा. नुसते “दादरला” म्हणू नका. “दादर पश्चिम, तिकीट खिडकीजवळ” असे म्हणा. आणि ऐन वेळी गाडी बदलली, फलाट बदलला, तर सगळ्यांना सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळ्यांना म्हणजे आईलाही.

आई आता सत्तरी ओलांडून गेली आहे. मागच्या वेळी घाटकोपरला गाडीची वाट पाहताना मी पाटी वाचायला मान वर केली, तेवढ्यात ती म्हणाली, “स्लो हाय. दहा वाजून बारा. बस गप.” डब्यात चढल्यावर नांदेडकडची एक म्हातारी बोटे धरून बसली होती. आई तिच्याजवळ सरकली आणि म्हणाली, “मोजू नका बाई. माज्याबरोबर उतरा.”